परिचय हेही कार्यच

(कर्जत आणि खालापूर तालुक्यांत सेवाकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर, ‘प्रसिद्धी आणि लोकसंपर्क : प्रारंभ कसा करावा?’ या विषयावर एका ज्येष्ठ पत्रकाराने कळंब येथे केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, याची मला कल्पना आहे. सेवाकार्यात आयुष्य वेचणाऱ्या माणसाला ‘प्रसिद्धी’ हा शब्दच परका वाटतो. पायाच्या दगडाने दिसायचे नसते, ही शिकवण शाखेत, बैठकीत, घरात लहानपणापासून आपल्यावर बिंबवली गेली आहे. गर्जेल तो पडेल काय आणि बोलेल तो करेल काय, ही म्हणही आपल्या तोंडी असतेच. या संस्कारामुळेच डोंगराच्या कुशीतील वाड्यांवर वर्षानुवर्षे, हारतुऱ्यांची अपेक्षा न ठेवता काम करणारी माणसे निर्माण झाली. तो संस्कार सोडा, असे सांगायला मी आलेलो नाही.

परंतु या संस्काराचा अर्थ लावताना आपण एक गल्लत करतो. प्रसिद्धिपराङ्मुखता हा कार्यकर्त्याचा गुण आहे, कार्याचा नव्हे. कार्यकर्त्याने पडद्याआड राहावे, हे योग्यच. कार्य मात्र पडद्याआड राहून चालत नाही. कारण कार्य कार्यकर्त्याच्या मालकीचे नसते, ते समाजाचे असते. समाजाचा पैसा, समाजाचा वेळ, समाजातील मुले आपण हाती घेतो. त्यांचे आपण काय करतो, हे समाजाला सांगणे म्हणजे स्वतःची टिमकी वाजवणे नव्हे. तो हिशेब आहे. हिशेब देण्याचा कंटाळा करणाऱ्या मुनिमाला कोणी निःस्पृह म्हणत नाही.

म्हणून आज मी ‘प्रसिद्धी’ हा शब्द कमी वापरणार आहे आणि ‘परिचय’ हा शब्द अधिक. समाजाच्या एका अंगाला दुसऱ्या अंगाचा परिचय करून देणे, हा आपल्या कार्याचा जोड-उद्योग नाही. तो कार्याचाच भाग आहे.

अपरिचयाची किंमत

अपरिचयाची किंमत काय असते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे भिक्षेसाठी तेथे गेली होती. मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत आहेत, अशी अफवा त्या वेळी भ्रमणध्वनीवरून गावोगाव पसरली होती. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारले.

डवरी गोसावी हे काही परदेशातून आलेले लोक नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या हा समाज महाराष्ट्राच्या गावांतून फिरत आला. एके काळी दारात आलेल्या अशा माणसाला गावातली आजी ओळखत असे. सुपात मूठभर धान्य घालत असे. ती ओळख पुसली गेली. तिची जागा रिकामी राहिली आणि त्या रिकाम्या जागेत अफवा शिरली. जेथे परिचय नसतो तेथे संशय नांदतो, हा समाजजीवनाचा नियम आहे. तो आपल्या संस्थांनाही लागू आहे आणि आपण ज्यांच्यात काम करतो त्या कातकरी, ठाकर, महादेव कोळी बांधवांनाही.

दुसरे उदाहरण आपल्या खालापूर तालुक्यातले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. कितीतरी माणसे मातीखालीच राहिली. मदतपथकांना भर पावसात डोंगर पायी चढून जावे लागले, कारण वाडीला रस्ता नव्हता. दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे शासनाला नंतर विधिमंडळात सांगावे लागले. त्या रात्रीनंतर देशभरातील वृत्तवाहिन्यांनी इर्शाळवाडीचे नाव घेतले. त्या रात्रीपूर्वी ते नाव किती जणांना ठाऊक होते? गडावर जाणाऱ्या गिरिप्रेमींना आणि काही मोजक्या कार्यकर्त्यांना. शासनाच्या यादीत, वृत्तपत्राच्या रकान्यात, शहराच्या स्मरणात ज्या वाडीचे नाव नसते, तिच्या वाट्याला रस्ता उशिरा येतो, वीज उशिरा येते, आणि पुष्कळदा मदतही उशिरा येते. परिचय करून दिल्याने दरड थांबली असती, असा माझा दावा नाही. पण एखाद्या वाडीची ओळख समाजाला तिच्या मरणातून व्हावी, ही आपणा सर्वांसाठीच लाजिरवाणी गोष्ट आहे.

आपली बाजू आपणच मांडावी लागते

आपण बोललो नाही तर आपल्याविषयी कोणी बोलणार नाही, असा भ्रम कोणी बाळगू नये. आपण गप्प राहिलो की दुसरे बोलतात आणि त्यांना हवे तसे बोलतात. फेब्रुवारी १९४८ मध्ये संघावर बंदी आली. ती जुलै १९४९ मध्ये उठली. मधल्या काळात आपले म्हणणे जनतेपर्यंत नेण्याची साधने किती तोकडी आहेत, याचा कटू अनुभव त्या पिढीच्या स्वयंसेवकांनी घेतला.

याच जिल्ह्यातला आणखी जुना दाखला देतो. रायगडचे नाव तेव्हा कुलाबा होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला आणि ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. दोन तारखांमध्ये अवघे दोन आठवडे! तळ्याचे पाणी ओंजळीत घेणे ही कृती होती. त्या कृतीचा अर्थ समाजाला समजावून सांगणे ही तिचीच दुसरी पायरी होती. बाबासाहेबांनी ती इतरांच्या भरवशावर सोडली नाही. कृती आणि तिचे निवेदन यांत अंतर पडू द्यायचे नसते, हा धडा महाडपासून घेण्यासारखा आहे.

एकनाथजींचा वस्तुपाठ

लोकसंपर्क म्हणजे काय, याचा वस्तुपाठ शोधायला आपल्याला परदेशी पुस्तके चाळण्याची गरज नाही. तो अमरावती जिल्ह्यातील टिमटाळ्यात जन्मलेल्या एका माणसाने कन्याकुमारीला घालून दिला. कै. एकनाथजी रानडे यांच्याकडे १९६३ साली विवेकानंद शिला स्मारकाची जबाबदारी आली, तेव्हा परिस्थिती कशी होती? स्थानिक विरोध होता. मद्रास राज्याचे मुख्यमंत्री एम. भक्तवत्सलम् अनुकूल नव्हते. केंद्रातील सांस्कृतिक कार्यमंत्री हुमायून कबीर यांना वाटत होते, की स्मारकामुळे शिलेचे नैसर्गिक सौंदर्य नष्ट होईल. आपल्यापैकी एखाद्याने अशा वेळी निषेधाचे पत्रक काढले असते आणि कर्तव्य पार पडले म्हणून घरी गेला असता.

एकनाथजी कलकत्त्याला गेले. कबीर बंगालमधून निवडून आलेले. तेथील वृत्तपत्रांच्या संपादकांना भेटून एकनाथजींनी वस्तुस्थिती सांगितली : बंगालच्या सुपुत्राच्या स्मारकाला बंगालचेच मंत्री विरोध करीत आहेत. पुढचे काम बंगालच्या लोकमताने केले. नंतर लालबहादूर शास्त्रींच्या सल्ल्याने ते दिल्लीत खासदारांना भेटू लागले. डिसेंबर १९६३ मध्ये अवघ्या तीन दिवसांत त्यांनी ३२३ खासदारांच्या सह्या मिळवल्या. पक्ष, प्रांत, पंथ यांतला एकही भेद त्यांनी मानला नाही. संघाचे सरकार्यवाह राहिलेल्या माणसाला हे खासदार काय म्हणतील, याची भीतीही बाळगली नाही. पंडित नेहरूंपुढे ते निवेदन गेले आणि बंद झालेला मार्ग मोकळा झाला.

पैशाचा प्रश्न आला तेव्हाही त्यांची दृष्टी तीच. चार धनिकांच्या देणगीतून स्मारक उभे करता आले असते. एकनाथजींनी एक रुपयासारखी छोटी वर्गणी घराघरातून गोळा करवली. लक्षावधी सामान्य माणसांनी ती दिली. राज्य सरकारांकडे ते स्वतः गेले. ख्रिस्ती बहुसंख्या असलेल्या नागालँडनेही हातभार लावला. २ सप्टेंबर १९७० रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले, तेव्हा ते कोणा एका संघटनेचे राहिले नव्हते. रुपया देणारा प्रत्येक जण त्याला ‘माझे’ म्हणत होता. ७ जानेवारी १९७२ रोजी विवेकानंद केंद्राची स्थापना झाली, ती याच संपर्काच्या भक्कम पायावर.

या साऱ्या खटाटोपात एकनाथजींचे छायाचित्र किती ठिकाणी झळकले? शिला स्मारक पाहायला जाणाऱ्या शंभर पर्यटकांना त्यांचे नाव विचारा. बहुतेकांना सांगता येणार नाही. कार्य घरोघरी पोहोचले आणि कार्यकर्ता मागे राहिला. प्रसिद्धिपराङ्मुखतेचा खरा अर्थ हा!

पहिला संपर्क वाडीशी

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. प्रारंभ कोठून करावा? बहुतेक संस्था वृत्तपत्रापासून करतात. तो शेवटचा टप्पा आहे. परिचयाची पहिली पायरी म्हणजे ज्या वाडीत आपण काम करतो ती वाडी.

आपण बालवाडी चालवतो, आरोग्य तपासणी करतो, वसतिगृहासाठी मुले आणतो. पण ही संस्था कोणाची, ती कशासाठी येते, तिला पैसे कोण देते, हे वाडीतल्या म्हाताऱ्याला विचारले तर तो काय सांगेल? ‘ते मुंबईचे साहेब येतात’ एवढेच उत्तर आले तर आपला लोकसंपर्क अजून सुरू झालेला नाही, असे समजावे. संस्थेचा वार्षिक जमाखर्च शहरातल्या देणगीदाराला छापून पाठवायचा आणि वाडीला मात्र कधी वाचून दाखवायचा नाही, हा उलटा व्यवहार झाला. वर्षातून एकदा समाजमंदिरात किंवा झाडाखाली बसून, त्यांच्या बोलीत, काय ठरवले होते, काय झाले आणि काय झाले नाही, हे सांगा. हा आपला पहिला वार्षिक अहवाल.

यासाठी दिवसही नीट निवडावा लागतो. आपल्या भागातील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. फेब्रुवारीत ठेवलेल्या मेळाव्याला वाडी रिकामी असते, आणि मग ‘लोक उदासीन आहेत’ असा शेरा इतिवृत्तात जातो. लोक उदासीन नसतात. आपले कॅलेंडर त्यांचे नसते.

भाई कोतवालांची आठवण या परिसरात काढायलाच हवी. माथेरानच्या या वकिलाने बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता उभारला, विजेचे मनोरे पाडून ब्रिटिश सत्तेला हादरे दिले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह हौतात्म्य पत्करले. त्यांचे हे शौर्य सर्वांना माहीत आहे. त्याआधी त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी काढली होती, शिक्षणाचे काम केले होते, माथेरानच्या नगरपालिकेत लोकांचे प्रश्न मांडले होते, हे फारसे कोणी सांगत नाही. ज्या माणसांचे दाणे त्यांनी सावकाराच्या तावडीतून वाचवले, त्याच डोंगरातल्या माणसांमध्ये पुढे त्यांना भूमिगत राहून लढता आले. आधीची कित्येक वर्षे जोडलेला लोकसंपर्क हीच त्यांची ढाल होती.

प्रारंभाच्या चार गोष्टी

वाडीशी नाते जुळले, की पुढच्या चार गोष्टी करायच्या आहेत. त्यांना फारसा पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

पहिली गोष्ट, आपले काम दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. राष्ट्राचे पुनरुत्थान, समाजाचा सर्वांगीण विकास हे शब्द थोर आहेत. पण ते शंभर संस्थांच्या पत्रकांवर असतात. ‘आम्ही अमुक सात वाड्यांतील मुले दहावीपर्यंत शाळेत टिकावीत यासाठी काम करतो’ हे वाक्य एकाच संस्थेचे असू शकते. अध्यक्षांपासून गाडी चालवणाऱ्यापर्यंत प्रत्येकाने हेच वाक्य सांगावे. पाच जणांनी पाच तऱ्हेने सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या मनात एकही चित्र उभे राहत नाही.

दुसरी गोष्ट, नोंद. एक जाड वही घ्या. रोजचे काम, तारीख, स्थळ, उपस्थिती, खर्च, आणि कोणी बोललेले एखादे लक्षात राहण्यासारखे वाक्य त्यात टिपा. गेल्या जूनमध्ये किती मुलांनी शाळेत नाव घातले आणि मार्चमध्ये त्यांतली किती उरली, हा आकडा अनेक संस्थांना देता येत नाही. मग ‘असंख्य मुलांना लाभ झाला’ असे लिहावे लागते. ‘असंख्य’ हा शब्द वाचला की अनुभवी वार्ताहराला कळते, कोणी मोजलेले नाही.

तिसरी गोष्ट, माणसांची यादी. सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक, आशा सेविका, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, बँकेचे व्यवस्थापक, किराणा दुकानदार, भजनी मंडळाचे बुवा, तालुक्याचे वार्ताहर, शेतघरे बांधून आठवड्याला येणारी शहरी मंडळी, अशी पन्नास नावे काढा. त्यांतली निम्मी आपल्या विचारांची नसतील. नसूदेत. प्रत्येकाला वर्षातून दोनदा तरी, काहीही न मागता भेटा. जो माणूस फक्त पावतीपुस्तक घेऊन येतो त्याचे नाव लोक विसरतात. पावतीपुस्तक मात्र लक्षात ठेवतात.

चौथी गोष्ट, अहवाल आणि जमाखर्च. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण येथे अनुकरणीय आहे. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला, तेव्हा विधवांच्या शिक्षणाला सनातनी समाजाचा कडवा विरोध होता. कर्वे वादविवादात फारसे पडले नाहीत. सुट्टी लागली की झोळी घेऊन गावोगाव फिरत, जे देतील ते घेत आणि पै-पैचा हिशेब चोख ठेवत. विचार न पटणाऱ्यालाही त्या हिशेबावर बोट ठेवता आले नाही. विश्वासाच्या त्या पुंजीवर १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले, आणि पुढे सत्तरी ओलांडल्यावरही ते याच कामाचा परिचय करून देण्यासाठी परदेशांत हिंडत होते.

आज या शिस्तीला कायद्याचीही जोड आहे. धर्मादाय आयुक्तांकडील हिशेबपत्रके, देणगीवरील प्राप्तिकर सवलतीची मान्यता यांत कसूर असेल तर मोठा देणगीदार पुढे येत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. खोपोली-रसायनीचा औद्योगिक पट्टा आपल्या शेजारी आहे. मात्र हा निधी घेण्यासाठी संस्थेला एप्रिल २०२१ पासून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. कागद आधी तयार ठेवा. संधी आल्यावर धावाधाव करू नका.

वार्ताहर आणि बातमी

आता माझ्या व्यवसायाकडे येतो. तालुक्याचा वार्ताहर हा बहुधा तुटपुंज्या मानधनावर, दुचाकीवरून फिरणारा माणूस असतो. पोलीस ठाणे, पंचायत समिती, अपघात, राजकीय सभा असा त्याचा दिवस जातो. त्याच्याकडे आपण चार पानी पत्रक देतो. त्यात दीपप्रज्वलन कोणी केले, प्रास्ताविक कोणी केले, व्यासपीठावरील अकरा मान्यवर कोण, आभार कोणी मानले, हे सविस्तर असते. ज्या बाईच्या मुलीला चष्मा मिळाला आणि प्रथमच फळा दिसला, तिचा उल्लेख नसतो. बातमी होती ती मुलगी. आपण पाठवली ती व्यासपीठाची यादी.

पत्रक एका पानाचे असावे. काय घडले, कोठे, केव्हा, कोणाच्या बाबतीत आणि त्याचे महत्त्व काय, हे पहिल्या परिच्छेदात यावे. समजा, एखाद्या वाडीतील अठरा मुलांपैकी चौदा मुले यंदा आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर न जाता गावात राहून शिकली. हे एक वाक्य मंत्रिमहोदयांच्या पाच छायाचित्रांपेक्षा मोलाचे आहे. उरलेली चार का गेली, हेही लिहा. अपयश सांगणाऱ्या संस्थेच्या यशावर लोक विश्वास ठेवतात. खाली एका जबाबदार कार्यकर्त्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक द्या, आणि तो दूरध्वनी उचला!

पत्रकार आपल्या विचारांचा नाही म्हणून त्याला टाळणे, ही आपली जुनी खोड. चांगले काम पाहिल्यावर बहुतेक पत्रकारांच्या लेखणीला ते लिहावेसे वाटते. लेखणीचे सामर्थ्य किती, हे पुण्यात दिसले आहे. डॉ. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनात सापडलेल्या तरुणांवर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले आणि १९८६ साली ‘मुक्तांगण’ उभे राहिले. अवचट आपल्या वर्तुळातले नव्हते, म्हणून हा धडा आपल्यासाठी कमी मोलाचा ठरत नाही. उलट बाजूही ध्यानात घ्या. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. ‘पारध्यांची टोळी जेरबंद’ असले मथळे मात्र पुढेही छापले जात राहिले. यमगरवाडीच्या प्रकल्पाने १९९३ पासून पारधी मुलांच्या हाती पाटी दिली आणि गिरीश प्रभुणे यांच्यासारख्यांच्या लेखनाने त्या मथळ्यांमागची माणसे वाचकांना दाखवली. शाळा आणि लेखणी, दोन्ही लागल्या.

छायाचित्रातला माणूस

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि प्रत्येक संस्थेचा समूह भ्रमणध्वनीवर आहे. यातून एक नवा दोष शिरतो आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. ब्लँकेट देताना चारचौघांचे हात, कॅमेऱ्याकडे पाहणारे हसरे चेहरे, आणि मधोमध मान खाली घातलेली एक म्हातारी. हे छायाचित्र सेवेचे नाही. हा त्या माउलीचा अपमान आहे. तिचे दैन्य आपण देणगीसाठी विकायला काढले, असा त्याचा अर्थ होतो.

एक साधी कसोटी लावा. या जागी माझी आई असती तर हे छायाचित्र मी छापू दिले असते का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते पुसून टाका. परवानगी विचारा आणि नकार मिळाला तर तो मनापासून स्वीकारा. मुलांच्या बाबतीत तर हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करणे २०१५ च्या बाल न्याय कायद्याने निषिद्ध आहे. शिवाय माणूस काम करताना दाखवा : भात लावणारी, औषधी वनस्पती ओळखणारा, फळ्यावर गणित सोडवणारी. वनवासी बांधव हे दयेचे विषय नाहीत. ते आपले सगेसोयरे आहेत. त्यांच्या ज्ञानाचा, कष्टाचा, कलेचा परिचय शहराला घडला पाहिजे. केवळ दारिद्र्याचा परिचय घडला तर आपण एक अपरिचय घालवून दुसरा गैरसमज पेरला, असे होईल.

अडचणीच्या दिवशी

प्रत्येक संस्थेच्या आयुष्यात एक वाईट दिवस येतो. वसतिगृहातील मुले आजारी पडतात, गाडीला अपघात होतो, हिशेबावर आरोप होतो. त्या दिवशी कार्यालयाला कुलूप लावून बसू नका. एका जबाबदार व्यक्तीने बोलावे, त्याच दिवशी बोलावे, आणि जेवढे निश्चित ठाऊक आहे तेवढेच बोलावे. मुलांच्या पालकांना वृत्तपत्राच्या आधी कळले पाहिजे. चूक असेल तर ती मान्य करून उपाय सांगावा. ‘हा आमच्याविरुद्ध कट आहे’ हे वाक्य पहिल्या दिवशी तरी तोंडातून काढू नये. एरवी वर्षभर ज्यांच्याशी आपण बोललो ती पन्नास माणसे त्या दिवशी आपल्यासाठी बोलतात. ज्यांच्याशी कधीच बोललो नाही, ती त्या दिवशी अफवेवर विश्वास ठेवतात.

एवढे सारे करायला माणूस कोठून आणायचा, हा प्रश्न आपल्या मनात असेल. प्रत्येक संस्थेने आठवड्यातले तीन तास आणि एक कार्यकर्ता, किंवा एखादी लिहिती-वाचती भगिनी, या कामासाठी द्यावी. पहिल्या महिन्यात दोन वाक्ये आणि वही, दुसऱ्या महिन्यात पन्नास नावांची यादी, तिसऱ्या महिन्यात वाडीतली बैठक, सहाव्या महिन्यात चार पानी वार्तापत्र. वृत्तपत्रात नाव आले नाही तरी खट्टू होऊ नका. वर्षाअखेरी वाडीतल्या त्या म्हाताऱ्याला पुन्हा विचारा, ही संस्था कोणाची? ‘आमची’ असे उत्तर आले, तर आपला लोकसंपर्क यशस्वी झाला असे खुशाल समजा.